ताराबाईंचे अंगण

वेळणेश्वरची वाडी असो की मुंबईतली चाळ, अंगणवाडी म्हटले की आज आठवतो तो पोषण आहार आणि वजनकाटा. हे नाव ज्यांच्या कामातून रुजले, त्या ताराबाई मोडक डॉक्टर नव्हत्या, शिक्षिका होत्या.

1892 मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई पदवीधर झाल्या, राजकोटला मोठ्या पदावर पोचल्या. ते पद सोडून 1923 मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात आल्या. मॉन्टेसोरी पद्धतीत मूल हातापायांनी शिकते. त्याला जागेवर बसवून ठेवले की वाढच अडते. 1936 मध्ये दादरला शिशुविहार निघाले. पण महागडी साधने गरिबांच्या मुलांना कुठून मिळणार?

1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, नखे, केस. मग गाणी आणि खेळ. साधने म्हणजे दगड, पाने, शिंपले. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरली! 1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले.

तेव्हा चिंता होती ती उपाशी मुलांची. ती अजून सरलेली नाही, आणि आता काट्याचे दुसरे टोकही दिसू लागले आहे. उंचीच्या मानाने असलेले वजन, म्हणजे बीएमआय, पहिल्या वाढदिवसानंतर उतरत जाते आणि साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पुन्हा चढू लागते. हा चढ लवकर सुरू झाला तर पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो. म्हणजे नेमकी बालवाडीचीच वर्षे महत्त्वाची. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले, की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान 180 मिनिटे हालचाल करावी, त्यातली 60 मिनिटे चांगली दमवणारी असावीत. पडद्यासमोर तासाभराहून जास्त बसू नये. ताराबाईंच्या अंगणात घड्याळ लावून हे मोजावे लागले नसते. वेळणेश्वरला समुद्र पायाशी आहे, नाचणी आणि कुळीथ तर कोकणातलेच. तरी डब्यात बिस्किटांचा पुडा आणि हातात मोबाइल दिला, तर त्यांचा उपयोग काय?

ताराबाई 1973 मध्ये गेल्या. सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. गावोगावच्या अंगणवाड्या पाहायला त्या नव्हत्या. कोसबाडचे काम पुढे अनुताईंनी सांभाळले.