बेंजामिन रॉबिन्स : गोळीचे माप जाणणारा गणिती

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत मी यंत्रांचे सुटे भाग मोजून तपासण्याचे काम करतो. म्हणूनच बेंजामिन रॉबिन्स मला जवळचा वाटतो. आपल्या छात्रांनाही तो माहीत असावा.

त्याचा जन्म १७०७ साली इंग्लंडमधल्या बाथ येथे, शांततावादी क्वेकर पंथाच्या गरीब घरात झाला. १७२७ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. १७४१ साली वूलिचच्या लष्करी अकादमीतले गणिताच्या अध्यापकाचे पद त्याला हवे होते; ते मिळाले नाही. पण त्यासाठी केलेल्या तयारीतून १७४२ साली त्याचा तोफविद्येवरचा ग्रंथ निघाला. जड लोलकावर गोळी झाडायची, तो किती झुलतो ते मोजायचे आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा, ही युक्ती त्याचीच. हवेचा विरोध लोक समजत त्याहून कितीतरी जास्त असतो, हे त्यातून कळले. पुढे ऑयलरसारख्या गणितज्ञाने या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले.

त्या काळी ठासणीच्या बंदुकीत भरायला सोपी म्हणून गोळी नळीपेक्षा लहान घेत. अशी सैल गोळी नळीत आपटत जाते, वेडीवाकडी गिरकी घेते आणि वाट सोडते. नळीला आटे असले आणि गोळी घट्ट बसली, तर ती सरळ फिरत जाते. मात्र नळीहून मोठी गोळी ठोकून भरावी लागते. १७४७ मध्ये रॉबिन्सने दुसरी रीत नोंदवली : गोळी किंचित लहान आणि तिच्याभोवती वंगण लावलेले पातळ कातडे किंवा कापड. आजही अर्ध्या इंचाच्या नळीला साधारण ०.४९ इंचाची गोळी घेतात. उरलेली फट कापड भरून काढते.

१७४९ साली कंपनीने त्याला आपल्या इथले किल्ले बळकट करण्यासाठी पाठवले. त्यांतला कडलूरजवळचा सेंट डेव्हिड किल्ला इंग्रजांनी १६९० मध्ये जिंजीच्या राजाराम महाराजांच्या दरबाराकडून विकत घेतला होता. तोफेचा गोळा पडेल तिथवरची गावे किल्ल्याबरोबर द्यायची, असा तो व्यवहार! त्याच किल्ल्यात २९ जुलै १७५१ रोजी, पंचेचाळिशीही न गाठता, रॉबिन्स वारला.

निवडीच्या यादीत नाव न आलेल्या छात्राने त्याचे १७४१ हे वर्ष आठवावे. पद हुकले, पण केलेला अभ्यास वाया गेला नाही.