अमेरिकेचं इंजिन, लंडनची बॉडी : इंदूरच्या यशवंतराव होळकरांची जगावेगळी स्पोर्ट्स कार

डहाणू-तलासरी पट्ट्यातून मुंबई-अहमदाबाद हायवे जातो. कैनाडकडून चारोटीला आलेल्या एखाद्या पोराला टोलनाक्यावर बसकी, रुंद टायरची स्पोर्ट्स कार दिसली की आधी मोबाईल बाहेर निघतो. गाडी कुणाची, केवढ्याची हे सगळं नंतर. आधी रील.

पण आजची महागातली महाग स्पोर्ट्स कारसुद्धा बहुतेक वेळा शोरूममधूनच येते. रंग निवडायचा, सीटचं लेदर निवडायचं, पैसे भरायचे. तशीच दुसरी गाडी कुठल्या ना कुठल्या शहरात उभी असतेच.

सुमारे नव्वद वर्षांपूर्वी एका मराठी राजाने मात्र अशी गाडी बनवून घेतली, जिची जोडी कुणाच्याच दारात नव्हती. इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनची, रंग केशरी आणि काळा. या राजाचं नाव महाराजा यशवंतराव होळकर दुसरे. राहणार इंदूर.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. शिक्षण इंग्लंडमध्ये. आधी चार्टरहाऊस ही नामांकित शाळा आणि नंतर ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च कॉलेज. लग्न मात्र घरच्या पद्धतीने, १९२४ साली, कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताराजेंशी. म्हणजे कोल्हापूरकडचीच सोयरीक.

गादी मिळाली ती मात्र चांगल्या कारणाने नाही. आणि त्या भानगडीतही गाडी होतीच.

झालं असं की, यशवंतरावांचे वडील तुकोजीराव तिसरे यांच्या दरबारातली मुमताज ही नर्तकी इंदूर सोडून मुंबईला आली आणि अब्दुल कादिर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याच्या आश्रयाला राहिली. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर बावलांची गाडी दुसऱ्या एका गाडीने अडवली. बावलांचा खून झाला. मुमताजला पळवून न्यायचा डाव होता, पण गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी नेमके तिथे पोहोचले आणि मारेकरी पकडले गेले. धागेदोरे इंदूरपर्यंत निघाले. इंग्रज सरकारने तुकोजीरावांपुढे दोनच रस्ते ठेवले, चौकशीला सामोरं जा नाहीतर गादी सोडा. २६ फेब्रुवारी १९२६ ला त्यांनी गादी सोडली.

यशवंतराव तेव्हा १७ वर्षांचे होते. कारभाराचे पूर्ण अधिकार त्यांच्या हातात आले ते ९ मे १९३० ला.

या राजाकडे नेमकं काय होतं आणि काय नव्हतं, हे लक्षात घेतलं तर त्यांचं गाड्यांचं वेड जरा जास्त कळतं. पैसा होता. १९ तोफांच्या सलामीचा मान होता. पण सैन्य, परराष्ट्र धोरण, मोठे राजकीय निर्णय या सगळ्यावर इंग्रजांची नजर. वडिलांची गादी एका फटक्यात कशी गेली, हेही डोळ्यांसमोर घडलेलं. मग ज्यात रेसिडेंटला विचारावं लागत नाही अशा गोष्टी उरतात किती? घर कसं असावं, खुर्ची कशी असावी, गाडी कशी असावी. यशवंतरावांनी आपली सगळी हौस तिथे लावली.

सुरुवात घरापासून झाली. एकार्ट मुथेसियस नावाच्या तरुण जर्मन आर्किटेक्टकडून त्यांनी इंदूरमध्ये माणिक बाग हा राजवाडा उभा केला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचं हे काम. राजवाडा म्हटला की झुंबरं, वाघाची मुंडकी, सोन्याचा मुलामा असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथे तसलं काही नव्हतं. सरळ रेषा, काच, धातू, पॅरिसच्या डिझायनरांचं फर्निचर आणि त्या काळात चक्क एसी. ब्रांकुशी या शिल्पकाराची आकाशात झेपावणाऱ्या पक्ष्याची तीन शिल्पं त्यांनी घेतली होती. एक ब्राँझचं, एक काळ्या संगमरवराचं, एक पांढऱ्या.

आणि मग आली ड्यूसेनबर्ग.

आज हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. फ्रेड आणि ऑगस्ट हे मूळचे जर्मनीचे दोघे भाऊ अमेरिकेत गेले आणि रेसच्या गाड्या बनवू लागले. १९२१ ची फ्रेंच ग्राँ प्री त्यांच्या गाडीने जिंकली. १९२४, १९२५ आणि १९२७ ची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही. १९२८ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला त्यांचं 'मॉडेल जे' लोकांसमोर आलं. ८ सिलिंडर, ६.९ लिटरचं इंजिन, २६५ हॉर्सपॉवर. आज आपल्या रस्त्यावर धावणाऱ्या साध्या हॅचबॅकची ताकद ८०-९० हॉर्सपॉवर असते, यावरून अंदाज घ्या. १९३२ मध्ये याच इंजिनाला सुपरचार्जर जोडला, म्हणजे पंख्याने जास्तीची हवा इंजिनात कोंबली, आणि ताकद ३२० वर गेली. ही झाली 'एसजे'. ताशी २२५ किलोमीटरच्या आसपास पळते, असा कंपनीचा दावा होता.

ही गाडी चालवणाऱ्याचे लाडही करायची. डॅशबोर्डवर स्टॉपवॉच, समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा काटा, ऑइल बदलायची किंवा बॅटरीत पाणी घालायची वेळ झाली की लागणारे छोटे दिवे. ठराविक मैल झाले की चेसिसला वंगण आपोआप मिळायचं. हे सगळं त्या काळात.

किंमत? १९२८ मध्ये फक्त चेसिसचे ८,५०० डॉलर. त्याच काळात फोर्डची अख्खी नवी गाडी चारशे-पाचशे डॉलरच्या आसपास मिळायची.

फक्त चेसिस म्हणजे काय, हे आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना चटकन कळेल. नवा ट्रक घेतला की कंपनीकडून चेसिस मिळतो आणि बॉडी कारागिराकडून बांधून घेतात. तेव्हा उंची गाड्यांचंही तसंच असायचं. कंपनी इंजिन, चाकं, रेडिएटर, मीटर एवढं द्यायची. वरचा सगळा साज गिऱ्हाइकाच्या मर्जीने दुसरीकडे चढायचा. लाकडी सांगाडा आणि त्यावर हाताने ठोकून आकार दिलेला पत्रा.

यशवंतरावांनी लांब व्हीलबेसचा एसजे चेसिस निवडला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरच जवळपास ३.९ मीटर. आजची अख्खी छोटी कार मावेल एवढं. बहुतेक गिऱ्हाइकांनी यावर सहा-सात जणांची ऐसपैस लिमोझिन चढवली असती. यशवंतरावांनी त्यावर उघडी स्पीडस्टर मागितली. म्हणजे एवढी लांबलचक गाडी, आणि तीही मुख्यतः दोघांसाठी!

हिशेबाने पाहिलं तर हा शुद्ध वेडेपणा. आणि गंमत त्यातच आहे.

१९३५ मध्ये हा चेसिस लंडनला जे. गर्नी नटिंग यांच्याकडे गेला. वेगाचा विक्रम करणाऱ्या माल्कम कॅम्पबेलच्या 'ब्लू बर्ड'ची बॉडी ज्यांनी बांधली, तेच हे कारखानदार. डिझाइन त्यांच्या ए. एफ. मॅकनील यांचं. संपता न संपणारं बॉनेट, त्याच्या बाजूने बाहेर आलेले चकचकीत एक्झॉस्ट पाइप, मागे निमुळती होत गेलेली शेपटी. १९३६ मध्ये गाडी तयार झाली.

एकूण मॉडेल जे बनल्या त्या साधारण ४८०. त्यातल्या सुपरचार्जरच्या तर जेमतेम तीन डझन. हॉलिवूडचे गॅरी कूपर आणि क्लार्क गेबल यांच्याकडे आखूड चेसिसच्या दोन खास ड्यूसेनबर्ग होत्या. त्यामुळे यशवंतराव कुठल्या रांगेत जाऊन बसले, हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या ताफ्यात बेंटलीसुद्धा होती, तिचीही बॉडी गर्नी नटिंगचीच. म्हणजे शिंपी एकदा जमला की माणूस बदलत नाही, तसा प्रकार.

आता दुसरी बाजू. हा पैसा यायचा कुठून? संस्थानातून. इंदूरच्या कापड गिरण्यांत राबणारे मजूर, माळव्यातले शेतकरी यांच्या करांवर दरबार चालायचा. प्रजामंडळाचे लोक जबाबदार राज्यपद्धती मागत होते आणि राजा महिनोन्‌महिने परदेशात असायचा. यशवंतरावांच्या काळात इंदूरला पाणी देणारा यशवंत सागर तलाव झाला. सी. के. नायडूंसारखे खेळाडू राजाश्रयाने खेळले आणि होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. हे सगळं खरं. तरी त्या गाडीचं कौतुक करताना बिल कुणी भरलं, हा प्रश्न सुटत नाही, आणि सोडूही नये.

गाडीचं सुख फार काळ टिकलंही नाही. १९३७ च्या जुलैमध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय जेमतेम विशीतलं. मॅन रे या फोटोग्राफरने काढलेल्या फोटोंत हे दोघं नवरा-बायको खेळकर, एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. त्याच वर्षी ड्यूसेनबर्ग कंपनीलाही कुलूप लागलं. त्या पक्ष्यांच्या शिल्पांसाठी यशवंतरावांना इंदूरमध्ये एक ध्यानमंदिर बांधायचं होतं. ब्रांकुशी त्यासाठी स्वतः इंदूरला येऊन गेले, पण महाराजांशी नीट भेटच झाली नाही. मंदिर कागदावरच राहिलं.

पुढे यशवंतरावांनी दोन अमेरिकन स्त्रियांशी लग्नं केली. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि ते तिथले उपराजप्रमुख झाले. १९५६ ला मध्य भारतच नकाशावरून गेला, पदही गेलं. ५ डिसेंबर १९६१ ला, वयाच्या ५३ व्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं.

माणिक बागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोला सदबीजच्या लिलावात विकलं गेलं आणि जगभरच्या संग्रहांत पांगलं. राजवाड्यात केंद्र सरकारच्या कर खात्याचं ऑफिस आलं.

केशरी-काळी ड्यूसेनबर्गही भारतात राहिली नाही. ती अमेरिकेतल्या संग्राहकांकडे पोहोचली. गाड्यांचे तिकडचे जाणकार आजही तिला मालकाच्याच नावाने ओळखतात. चेसिस नंबर फार थोड्यांना पाठ असेल, पण 'महाराजा ड्यूसेनबर्ग' म्हटलं की कुठली गाडी ते लगेच कळतं.