साठी बुद्धी नाठी म्हणून सोडून दिलेल्या आजाराचं मूळ या डॉक्टरांना मेंदूत सापडलं

आजी गॅस चालू आहे हे विसरते, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारते, दुपारी जेवूनही जेवले नाही म्हणते. घरातले लोक हसतात आणि विषय सोडून देतात. वय झालं, साठी बुद्धी नाठी. म्हणच आहे तशी.

सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतही यापेक्षा वेगळं काही नव्हतं. म्हातारपणी माणूस विसरायचाच, असं सगळे धरून चालायचे, डॉक्टरसुद्धा. त्या काळात एका डॉक्टरांनी एका विसराळू बाईकडे नीट लक्ष दिलं. त्यांचं आडनाव आज जगातल्या प्रत्येक मेंदूतज्ज्ञाच्या तोंडी आहे.

त्यांचं नाव अलॉइस अल्झायमर.

१४ जून १८६४ रोजी जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातल्या मार्क्टब्राइट या गावात त्यांचा जन्म झाला. १८८७ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात नोकरीला लागले. तेव्हा अशा ठिकाणी रुग्णांना बांधून ठेवणं नेहमीचंच होतं. इथले प्रमुख एमिल सिओली मात्र त्याच्या विरोधात होते. रुग्णांना मोकळं ठेवायचं, त्यांच्याशी बोलायचं, ही पद्धत अल्झायमर यांनीही उचलली.

याच रुग्णालयात त्यांना फ्रान्झ निस्ल नावाचा मित्र भेटला. मेंदूतल्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतील, अशी पद्धत निस्ल यांनी शोधली होती. मग दोघांचा दिनक्रमच ठरला. दिवसभर रुग्ण आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शक. वेडाचं कारण मेंदूत दिसतं का, हे त्यांना शोधायचं होतं.

१९०१ साल अल्झायमर यांच्यासाठी वाईट गेलं. पत्नी सेसिली वारली, पदरात तीन लहान मुलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑगस्टे डेटर नावाची बाई रुग्णालयात दाखल झाली.

ऑगस्टे होती फक्त ५१ वर्षांची. म्हणजे म्हातारपणाचं कारण इथे लागूच पडत नव्हतं. आधी ती नवऱ्यावर संशय घ्यायला लागली, मग वस्तू लपवून ठेवायला लागली, मग स्वयंपाकही तिला जमेना. अल्झायमर रोज तिच्याजवळ बसून प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून घ्यायचे. पेन, किल्ली, सिगार दाखवली की ती अचूक नावं सांगायची. थोड्या वेळाने काय दाखवलं होतं, हे तिला आठवायचं नाही. ताटात फ्लॉवर असायचा आणि ती सांगायची पालक. स्वतःचं नाव लिहायला बसली, तर सुरुवात करून पुढचं विसरायची.

१९०३ मध्ये अल्झायमर यांनी फ्रँकफर्ट सोडलं. आधी हायडेलबर्ग आणि मग म्युनिकला, एमिल क्रेपेलिन या मोठ्या मनोविकारतज्ज्ञांकडे ते काम करू लागले. पण ऑगस्टेला ते विसरले नाहीत. ८ एप्रिल १९०६ रोजी तिचं निधन झालं, तेव्हा त्यांनी तिची कागदपत्रं आणि मेंदू म्युनिकला मागवून घेतला.

मेंदू आकसलेला होता. त्याचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहिल्यावर दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर कसल्यातरी पदार्थाचे गोळे साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. कित्येक पेशी मरून गेल्या होत्या. ज्याला लोक वेड म्हणत होते, त्याची खूण डोळ्यांना दिसत होती.

नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्युबिंगेनच्या डॉक्टरांच्या सभेत त्यांनी हे मांडलं. पुढे काय झालं? काहीच नाही. कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही, सभा पुढच्या विषयाकडे वळली. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर हे नाव दिलं.

१९१२ मध्ये अल्झायमर ब्रेस्लाऊला प्राध्यापक म्हणून निघाले. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. या प्रवासातच ते आजारी पडले आणि पुन्हा धड बरे झालेच नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी ते गेले. वय ५१. ऑगस्टे रुग्णालयात आली, तेव्हा तिचंही वय तेवढंच होतं.

त्यांच्यानंतर बरीच वर्षं हा तरुण वयातला दुर्मिळ आजार मानला गेला. म्हाताऱ्यांच्या विसरण्याला कुणी आजार म्हणायलाच तयार नव्हतं. १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे मेंदू तपासले, तर त्यातही तेच गोळे आणि तोच गुंता. म्हणजे दोष वयाचा नव्हता, आजाराचा होता.

१९८० च्या दशकात उलगडलं की बाहेरचे गोळे अमायलॉइड बीटाचे आणि आतला गुंता टाऊ या प्रथिनाचा असतो. ही प्रथिनं लक्षणं दिसण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून साचायला लागतात. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लेकानेमॅब हे औषध अमायलॉइडवरच काम करतं. १८ महिन्यांच्या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची घसरण त्याने सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. आजार त्याने बरा होत नाही. मेंदूला सूज येणं किंवा रक्तस्राव होणं असे धोकेही आहेत. अमायलॉइड हेच मूळ कारण आहे का, यावर अजून वाद चालू आहे.

१९९५ मध्ये फ्रँकफर्टमध्ये ऑगस्टेची हरवलेली फाइल सापडली. अल्झायमर यांच्या हस्ताक्षरातले प्रश्न आणि तिची उत्तरं त्यात जशीच्या तशी होती.

घरातलं कुणी वारंवार विसरत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्यामुळेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. अल्झायमर निघालाच, तरी त्या माणसाशी कसं वागायचं हे घराला वेळेवर कळतं. अल्झायमर यांनी तरी पहिल्या दिवशी दुसरं काय केलं होतं? ऑगस्टेजवळ बसून तिचं बोलणं ऐकलं होतं.