डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

चौथ्या-पाचव्या महिन्यात पोटातले मूल जाते, पुढच्या खेपेस पुन्हा तेच घडते, आणि दोष मात्र बाईच्या नशिबाला दिला जातो. आमच्या थळकडे अशा बाईसाठी नवस आणि गंडेदोरे झाल्याचे जुन्या बायका सांगतात. या दुःखाच्या एका कारणावर इलाज शोधून काढणारे डॉ. शिरोडकर आपल्याच कोकणपट्टीचे, ही अभिमानाची गोष्ट आहे.

त्यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून १९२७ साली ते एम. डी. झाले. १९३१ साली इंग्लंडमध्ये त्यांनी एफ. आर. सी. एस. ही पदवी मिळविली. परत आल्यावर जे. जे. रुग्णालयात त्यांनी रुग्णसेवा केली आणि विद्यार्थ्यांनाही शिकविले.

गर्भाशयाचे तोंड दिवस भरेपर्यंत घट्ट मिटलेले असावे लागते. काही स्त्रियांत ते कमकुवत असते. गर्भाचा भार वाढला की फारशा कळा न येताच ते उघडते आणि चांगले वाढणारे मूल हातचे जाते. शिरोडकरांनी रुग्णेच्याच मांडीतील चिवट पडद्याची पट्टी काढून तिने ते तोंड आवळून बांधले. ही पद्धत त्यांनी १९५५ साली मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात मांडली. १९५७ साली मेलबर्नच्या मॅक्डोनाल्ड यांनी तिचे सोपे रूप सुचविले. आता पट्टीऐवजी कृत्रिम धागा वापरतात. पण ‘शिरोडकर टाका’ हे नाव जगभर टिकून आहे.

अर्थात हा टाका प्रत्येक गर्भपातावरचा उपाय नव्हे. तो घालताना रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा गर्भजल फुटण्याचा धोका असतो. म्हणून पुरती तपासणी करूनच डॉक्टर तो घालतात. बाळंतपणानंतर अंग बाहेर येण्याच्या विकारावरही शिरोडकरांनी शस्त्रक्रिया बसविली.

१९६० साली पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण देऊन सरकारने त्यांचा गौरव केला. ७ मार्च १९७१ रोजी ते निवर्तले.

त्यांच्या टाक्याने असंख्य मुले वाचली. आपण कला शाखेचे विद्यार्थी. टाका घालणे आपले काम नव्हे. परंतु मूल गमावणे हा बाईचा गुन्हा नसून त्याला शरीरातले कारण असू शकते आणि ते वेळीच दाखवावे, एवढे तरी शिकलेल्या प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन सांगावे.