टीव्ही नव्हता, मीम्स नव्हते, तरी आचार्य अत्र्यांनी हसवून हसवून काँग्रेसला घाम फोडला होता

निवडणूक लागली की मोबाईलवर मीम्सचा पाऊस सुरू होतो. शंभर आरोप करण्यापेक्षा लोकांना विरोधकावर एकदा हसवलं की काम होतं, हे आता प्रत्येक पक्षाच्या आयटी सेलला कळलंय. महाराष्ट्रात मात्र हे एका माणसानं जवळपास सत्तर वर्षांपूर्वीच करून दाखवलं होतं. तेही रेडिओ सरकारच्या ताब्यात असताना.

प्रल्हाद केशव अत्रे, म्हणजेच आचार्य अत्रे.

13 ऑगस्ट 1898 ला सासवडजवळच्या कोडीत गावी त्यांचा जन्म झाला. पेशा शिक्षकाचा. 1925 मध्ये केशवकुमार या नावानं त्यांचा 'झेंडूची फुले' हा विडंबनसंग्रह आला आणि तेव्हाच्या भावुक कवींची पार भंबेरी उडाली. समोरच्याचीच चाल उचलायची आणि त्यात एखादा फालतू विषय भरायचा, की मोठेपणाचा फुगा आपोआप फुटतो. हीच युक्ती पुढे त्यांनी राजकारणात वापरली.

त्याआधी 'साष्टांग नमस्कार', 'लग्नाची बेडी' ही नाटकं आणि 'ब्रह्मचारी' हा सिनेमा गाजला होता. 'श्यामची आई'ला तर 1954 मध्ये राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. त्यामुळे अत्रे सभेत उभे राहायचे तेव्हा समोरच्या गर्दीला त्यांच्यावर हसायची नाही, त्यांच्यासोबत हसायची सवय आधीच लागलेली होती.

आणि ती गर्दी साधी नव्हती. मुंबईसह मराठी राज्य हवं, ही मागणी करणाऱ्यांवर नोव्हेंबर 1955 आणि जानेवारी 1956 मध्ये गोळीबार झाला होता. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. या आंदोलनातल्या हुतात्म्यांचा आकडा 106 सांगितला जातो. अशा वेळी लोकांच्या मनात राग असतो, तशी भीतीही असते. अत्र्यांनी नेमकी ती भीती काढली. ज्याच्यावर मनसोक्त हसलो, त्याला घाबरणं जरा अवघडच जातं.

1 नोव्हेंबर 1956 ला गुजरात आणि महाराष्ट्राचं एकत्र द्वैभाषिक मुंबई राज्य सुरू झालं. पंधराच दिवसांत, 15 नोव्हेंबरला, अत्र्यांनी 'मराठा' हे दैनिक काढलं. आता सभेत जे बोललं जायचं ते छापूनही येऊ लागलं. मुंबईतले काँग्रेसचे बडे नेते स. का. पाटील यांचं 'सदोबा' झालं. संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे, अशी भूमिका घेतलेल्या यशवंतराव चव्हाणांना तर त्यांनी सोडलंच नाही. अतिशयोक्ती हे त्यांचं हुकमी हत्यार होतं. कशाचंही मोजमाप ते दहा हजार वर्षांत करायचे. लोक त्यावरून खुद्द अत्र्यांचीही टिंगल करायचे, पण बोललेलं लक्षात राहायचं. प्रचाराला दुसरं काय हवं असतं?

1957 च्या निवडणुकीत मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसची दाणादाण उडवली. चव्हाण कराडमधून काठावर वाचले. काँग्रेसची सत्ता टिकली ती विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या जोरावर. याचं सगळं श्रेय विनोदाला देणं चूक ठरेल. एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, शाहीर अमर शेख अशी मोठी फौज त्यामागे होती. पण सभेला गर्दी खेचायची तर अत्र्यांचं नाव पुरेसं होतं. ते स्वतःही विधानसभेत निवडून गेले. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं.

या विनोदाला दुसरी बाजूही होती. अत्र्यांची लेखणी अनेकदा धोरण सोडून माणसाच्या अंगावर जायची, आणि तिथे तो विनोद राहायचा नाही, नुसती शिवी व्हायची. पुढे 'मार्मिक'मधून बाळासाहेब ठाकरेंची व्यंगचित्रं अत्र्यांवरच तुटून पडली. दोघांनी एकमेकांना जे सुनावलं, त्यापुढे आजचं ट्रोलिंगही सौम्य वाटावं.

पण अत्रे एवढेच नव्हते. 30 नोव्हेंबर 1957 ला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हा समितीनं त्यांना काळे झेंडे दाखवले होते. 27 मे 1964 ला नेहरू गेले. त्यानंतर अत्र्यांनी 'मराठा'त नेहरूंवर एकामागून एक अग्रलेख लिहिले. त्यात टोमणा नव्हता, होतं ते फक्त दुःख. त्या अग्रलेखांचं पुस्तक झालं, 'सूर्यास्त'. काळ्या झेंड्यांपासून 'सूर्यास्त'पर्यंत मध्ये गेली होती अवघी साडेसहा वर्षं.

13 जून 1969 ला मुंबईत अत्र्यांचं निधन झालं.