डॉ. विल्यम केरी व श्रीरामपूरची पहिली मंडळी

विल्यम केरी यांचे नाव शास्त्राचे भाषांतरकार म्हणून गाजले आहे, आणि ते यथार्थच आहे. परंतु त्यांनी किती दुःख सोसून व कोणत्या पायावर मंडळी उभारली, हे आपल्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींस फारसे ठाऊक नसते. म्हणून मुख्यतः तेवढाच भाग येथे सांगण्याचे योजिले आहे.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात पॉलर्सपरी या गावी एका विणकराच्या घरी झाला. पुढे ते जोडे शिवण्याचा धंदा शिकले. या धंद्याची त्यांना कधीही लाज वाटली नाही. पुष्कळ वर्षांनी कलकत्त्यास एका मोठ्या मेजवानीत कोणा अंमलदाराने त्यांस हिणवण्यासाठी, केरी पूर्वी जोडे करणारे होते ना, असे विचारले. तेव्हा आपण नवे जोडे करणारे नव्हे, केवळ जुने सांधणारे होतो, असे त्यांनी शांतपणे कळविले, असे सांगतात.

१७९३ च्या नोव्हेंबरात ते बायकामुलांसह कलकत्त्यास उतरले. पत्नी डॉरथी यांचे मन या प्रवासास मुळीच नव्हते. शेवटच्या घटकेस त्या कशाबशा निघाल्या. पुढे माल्ड्याकडे मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर केरींनी नोकरी धरली. तेथे १७९४ साली त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने मरण पावला. तेव्हा जातीच्या भयाने पेटी करावयास कोणी मिळेना, खड्डा खणावयास कोणी मिळेना. अखेर चार मुसलमान एकमेकांच्या धीराने खड्डा खणण्यास कबूल झाले, आणि देह उचलण्यास कोणीच पुढे येईना, तेव्हा शेवटी जात गमावलेला एक मुलगा व घरचा मेहतर यांनी ते काम केले. खड्डा खणल्याबद्दल गावच्या मंडलाने त्या चौघा मुसलमानांचे हुक्कापाणी बंद करविले! पोटच्या लेकराचे प्रेत घरात ठेवून खांदेकऱ्यांसाठी दारोदार विनवण्या करणाऱ्या त्या बापाची कल्पना वाचकांनीच करावी.

या दुःखानंतर डॉरथीबाईंच्या बुद्धीस भ्रम झाला, आणि १८०७ साली देवाने नेईपर्यंत त्या तशाच राहिल्या. मिशनरींची चरित्रे लिहिणारे पुष्कळदा या बाईंविषयी एखादे वाक्य लिहून पुढे जातात. ते आम्हांस योग्य वाटत नाही. केरींच्या सेवेची किंमत त्यांनी एकट्यांनीच दिली असे नव्हे. आणि ज्या बाईस विचारल्यासारखे करून परदेशी आणले, तिचेही देणे मंडळीच्या हिशेबात धरले पाहिजे. आजही आपल्या मंडळ्या पाळकाच्या कामाची चौकशी करतात, पण पाळकीणबाईंची कोण करतो?

सात वर्षे बंगाल्यात घालवूनही एकाही हिंदी मनुष्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. १८०० साली केरी डेनमार्कच्या अंमलाखालील श्रीरामपूर गावी (आपल्या बेलापूरजवळचे नव्हे, कलकत्त्याजवळचे) मार्शमन व वॉर्ड या बंधूंसह राहू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हात निखळला. तो डॉ. थॉमस यांनी बसविला, आणि त्यावेळी ऐकलेली सुवार्ता त्याच्या अंतःकरणात रुजली. २२ डिसेंबरला तो व त्याचा मित्र गोकुळ मिशनरींच्या पंक्तीस उघडपणे जेवले. लगेच गावात गलका झाला आणि जमावाने त्यांस ओढत न्यायाधीशापुढे नेले. परंतु त्याने त्यांस सोडून दिले. २८ डिसेंबरला केरींचा वडील मुलगा फेलिक्स आणि सुतार कृष्ण पाल यांचा हुगळी नदीत एकाच वेळी बाप्तिस्मा झाला.

आता खरी कसोटी लागली. तरंगमबाडीकडील जुन्या मंडळ्यांत जातीजातींस वेगवेगळे बसू देत असत, आणि त्यासाठी पुष्कळ सयुक्तिक कारणेही दिली जात. केरी व त्यांचे सोबती यांनी मात्र ठरविले की प्रभूच्या मेजाशी जात आत येणार नाही. १८०३ साली कृष्ण प्रसाद या बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मण तरुणाने सुतार कृष्ण पालाच्या मुलीशी लग्न केले, आणि मिशनरी त्या सुताराच्या घरी लग्नाचे जेवण जेवले. त्याच साली गोकुळ मरण पावला. तोवर ख्रिस्ती प्रेत वाहण्यास मोलाचे फिरंगी बोलवीत. या वेळी गोकुळाची पेटी मार्शमन, फेलिक्स केरी, पूर्वीचा ब्राह्मण भैरव आणि पूर्वीचा मुसलमान पिरू या चौघांनी खांद्यावर घेतली, आणि ते पाहण्यास रस्त्याच्या दुतर्फा लोक जमले. पीटरचा देह उचलण्यास माणूस मिळाला नव्हता, त्यास पुरती नऊ वर्षे झाली होती. आमच्यात लग्न जुळविताना, दारे लावून का होईना, मूळची जात विचारली जाते; त्या वेळी या चौघा खांदेकऱ्यांची आठवण व्हावी.

महाराष्ट्रावर केरींचे ऋण आहेच. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृताबरोबर मराठीही शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश छापला, आणि १८११ साली मराठी नवा करार प्रसिद्ध झाला. त्यातील भाषा आमच्या इकडे रुळली नाही हे खरे. मुंबईच्या अमेरिकन मिशनने पुढे स्वतंत्र भाषांतर केले. कॉलेजचा पगार केरी सामाईक खजिन्यात टाकीत. १८१२ च्या मार्चात छापखाना जळाला आणि कित्येक वर्षांची हस्तलिखिते राख झाली, तेव्हा ते पुन्हा पहिल्या पानापासून लिहावयास बसले.

१७९९ साली त्यांनी एका विधवेस सती जाताना डोळ्यांनी पाहिले होते, आणि ते थांबविण्याचा त्यांचा प्रयत्न निष्फळ झाला होता. तीस वर्षांनी, ४ डिसेंबर १८२९ रोजी, लॉर्ड बेंटिंक यांनी सतीबंदीचा कायदा केला, आणि तो बंगालीत उतरविण्यासाठी केरींकडे आला. तो ६ डिसेंबर, रविवार, उपासनेचा दिवस होता. केरी त्या वेळी अडुसष्ट वर्षांचे होते. एका दिवसाच्या विलंबाने किती विधवा जळतील कोणास ठाऊक, म्हणून त्यांनी त्या दिवशीचा उपदेश दुसऱ्यास सांगितला, पंडितास बोलाविले, आणि दिवस मावळण्यापूर्वी भाषांतर पुरे केले.