गणिताचार्य केरूनाना छत्रे

मादन हिप्परग्यासारख्या सीमेवरील गावीही पंचांग पाहूनच मुहूर्त ठरतो. परंतु त्यातील ग्रहगणित शुद्ध व्हावे म्हणून झटलेल्या प्राध्यापकाचे स्मरण क्वचितच होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केले. पुढे पुण्यात ते गणिताचे प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. जुन्या करणग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनाशी झाली होती. केरूनानांनी युरोपीय गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ १८६० साली मराठीत सिद्ध केला. १८६५च्या सुमारास सुरू झालेल्या पटवर्धनी पंचांगामागे त्यांचेच गणित होते. रूढ पंचांग सोडण्यास समाज सहजी राजी झाला नाही. १८८४ साली केरूनाना निवर्तले; मात्र गुरूचा पक्ष शिष्याने उचलून धरला. टिळक पंचांग ही त्याचीच फलश्रुती होय.